नवं डिझाइन मंजूर होतं, पण वापरात येत नाही: या चुका टाळा

कंपनीत कामाच्या सॉफ्टवेअरची नवी प्रणाली सुरू होऊन महिना झाला आणि लोक पुन्हा जुन्या एक्सेल शीटवर गेले, की दोष ‘कर्मचाऱ्यांच्या मानसिकते’ला दिला जातो. डिझायनरने ते मान्य करण्याआधी कर्मचाऱ्यांचं टार्गेट विचारावं. दिवसाला ठरावीक अर्ज निकाली काढायचे आहेत आणि नव्या स्क्रीनवर हात बसलेला नाही, तर माणूस ओळखीच्या वाटेनेच जाणार. म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी टार्गेट कमी करून घ्या, तेही लेखी. तोंडी कबुली पहिल्याच महिनाअखेरीला विसरली जाते. ही अट प्रस्तावातच हवी. काम सुरू झाल्यावर ती मागणं फार अवघड जातं.

जुनी प्रणाली चालू असतानाच मोजमाप करा: एका कामाला लागणारा वेळ, चुका, मदतीसाठी येणारे फोन. नाहीतर ‘पूर्वी पटकन व्हायचं’ ही तक्रार खरी की खोटी, हे कळायला काही मार्गच उरत नाही.

फक्त व्यवस्थापकांशी बोलून थांबू नका. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या शेजारी बसा. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी, वहीत वेगळी ठेवलेली यादी, सगळ्यांना पाठ असलेला कीबोर्ड शॉर्टकट, यातल्या प्रत्येकामागे एक गरज असते. ती नव्या रचनेत आली नाही, तर जुगाड परत येतो. सवयीची गोष्ट काढणं किती महाग पडतं, हे विंडोज ८ ने दाखवलं: २०१२ मध्ये टास्कबारवरून काढलेलं स्टार्ट बटण २०१३ च्या ८.१ मध्ये परत आणावं लागलं.

पायलटसाठी, म्हणजे आधी एका छोट्या गटावर घ्यायच्या चाचणीसाठी, सर्वांत उत्साही टीम घेऊ नका. ती अडचणी सांभाळून घेते आणि त्या तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. मध्यम वेगाची, थोडी कुरकुर करणारी टीम बरी. हिशेब बंद करायचे दिवस मात्र टाळा.

जुनी प्रणाली पहिल्याच दिवशी बंद करू नका आणि बेमुदत चालूही ठेवू नका. आधी तारीख जाहीर करा, त्या तारखेपासून जुन्यात फक्त पाहण्याची सोय ठेवा, मग ती बंद करा.

काम संपवून निघण्याआधी कंपनीतल्या एकाच व्यक्तीकडे डिझाइनची जबाबदारी द्या, तिच्या आठवड्यातले काही तास त्यासाठी राखून घ्या. मूळ फाइल्स तिच्या हाती देऊन एक खरा बदल तिलाच करू द्या, तुम्ही समोर असतानाच.