फोन निवडताना आणि वापरताना: फोटो-व्हिडिओंच्या जागेचा हिशेब

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा ‘कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?’ हा असतो. तो थोडा मागे ठेवा. फोन वापरात आल्यावर वर्षभरात जी तक्रार सुरू होते ती जागा संपल्याची. म्हणून आधी साठवण ठरवा, मग कॅमेरा.

हिशेब असा. साधा १०८० पी व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेमचा, मिनिटाला साधारण १३० ते १५० एमबी खातो, म्हणजे तासाला ८ जीबीच्या आसपास. तोच ४के मध्ये, म्हणजे त्याहून चौपट बारकाव्याने, काढला तर तासाला २० जीबीच्या पुढे जातो. हळद, लग्न आणि वरात मिळून दोन तास ४के चित्रण केले की ४० जीबी संपले. फोटो त्या मानाने हलके असतात, नेहमीचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ३ ते ५ एमबीचा. ६४ जीबीच्या फोनमध्ये सिस्टिम आणि आधीपासून भरलेली अॅप्स यांतच १५ ते २५ जीबी जातात. उरलेली जागा व्हॉट्सॲप आणि व्हिडिओच लवकर भरून टाकतात. त्यामुळे आज १२८ जीबी ही खालची मर्यादा धरा. घरात लहान मूल असेल, गावच्या यात्रेचे किंवा शर्यतीचे चित्रण करायची सवय असेल, तर २५६ जीबीच घ्या. वरचे पैसे कॅमेऱ्यापेक्षा तिथे घातलेले बरे.

जागा किती याइतकेच ती कोणत्या जातीची आहे हेही पाहा. स्वस्त फोनमध्ये अजून ईएमएमसी ही जुनी, हळू जातीची साठवण येते. गॅलरीत हजारो फोटो झाले की अशा फोनमध्ये छोटी चित्रे उमटायला वेळ लागतो आणि मोठा व्हिडिओ हलवताना फोन अडकतो. त्याऐवजी यूएफएस ही वेगवान जात, तीही २.२ किंवा त्याच्या पुढची हवी. खोक्यावर हे बहुधा लिहिलेले नसते, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत सापडते. रॅम ६ जीबी चालेल, ८ असेल तर उत्तम. ‘८ अधिक ८ म्हणजे १६ जीबी रॅम’ ही जाहिरात मात्र रॅम समजू नका. त्यातला दुसरा आकडा साठवणीतूनच उसना घेतलेला असतो. तो हळू असतो आणि तुमचीच जागा खातो.

मेमरी कार्डाची सोय असलेले फोन आता कमी राहिले आहेत. असेल तर कप्पा बघून घ्या. काही फोनमध्ये दुसरे सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसते. कार्ड पक्क्या बिलावरच घ्या, त्यावर ए१ आणि व्ही३० अशा वेगाच्या खुणा असाव्यात. बनावट कार्ड ५१२ जीबी असल्याचे दाखवते आणि आत ३२ जीबीच असते. ते भरेपर्यंत सगळे ठीक दिसते, त्यानंतरच्या फायली दिसतात पण उघडत नाहीत. विंडोज संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून तपासते. मोठ्या कार्डाला बरेच तास लागतात, पण पहिला फोटो टाकायच्या आधी हे कराच. फोनने विचारले तर कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट करू नका. तसे केले की ते त्या एकाच फोनशी बांधले जाते. फोन बिघडला तर कार्ड दुसरीकडे वाचता येत नाही.

दुकानातच करायच्या चाचण्या

कॅमेऱ्यासाठी तीन गोष्टी पुरतात. ट्यूबलाइटच्या उजेडात एखाद्या खोक्यावरच्या बारीक अक्षरांचा फोटो काढा आणि मोठा करून वाचून पाहा. मग चालत चालत दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. चित्र हिंदकळत असेल तर त्या फोनला ओआयएस, म्हणजे भिंगाचा हादरा सावरणारी यंत्रणा, नसावी. संध्याकाळच्या वरातीत ती नसल्याचे लगेच कळते, फोटो पुसट येतात. तिसरे, त्याच व्हिडिओतला आवाज ऐका. ५० मेगापिक्सेलचे बहुतेक कॅमेरे चार बिंदूंचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात आणि कमी उजेडात तेच चांगले असते. मागे दिसणारे २ मेगापिक्सेलचे ‘मॅक्रो’ आणि ‘डेप्थ’ कॅमेरे केवळ संख्या वाढवतात, त्यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

नंतर फोन दुकानाच्या दारात, उन्हात न्या. तासगाव-कवठेमहांकाळकडे द्राक्षबागेत उभे राहून औषधाचे लेबल किंवा बाजारभाव वाचायचा असेल तर पडदा भर दुपारी दिसलाच पाहिजे. जाहिरातीतला निट्सचा, म्हणजे पडद्याच्या उजेडाचा, आकडा अनेकदा पडद्याच्या लहानशा भागाचा आणि थोड्याच वेळेपुरता असतो. डोळ्यांनी केलेली परीक्षा खरी.

रेंजचा प्रश्न आपल्याकडे तालुक्यागणिक बदलतो. साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या गणपती पेठेत कोणताही फोन चालेल. पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतली खोरी, कोयनेच्या जलाशयाकाठची बामणोली-तापोळ्याकडची गावे, शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग, इथे कमी वारंवारितेचा सिग्नलच डोंगर ओलांडून आणि भिंतीतून आत येतो. जिओचे ५जी ३५०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे एन७८ पट्ट्यात, आणि ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे एन२८ पट्ट्यात चालते. एन२८ नसलेला फोन तालुक्याच्या गावी वेगवान आणि वाडीत मुका ठरू शकतो. फोनच्या माहितीत दोन्ही पट्टे आणि ‘एसए’ पद्धतीचा, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या ५जीचा, उल्लेख बघा. वायफाय कॉलिंग असणेही मोलाचे, कारण घरात फायबर पोहोचले असेल तर रेंज नसतानाही नेहमीच्याच नंबरवरून बोलता येते. घ्यायचे मॉडेल गावात कोणाकडे असेल तर तुमचे सिम त्यात दहा मिनिटे घालून घराच्या आतल्या खोलीतून फोन लावून पाहा.

सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार हे विचाराच, आणि ती वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात हे लक्षात घ्या. दिवाळीला स्वस्तात मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या मॉडेलची तेवढी वर्षे संपलेली असतात. बँकेची अॅप्स त्याच फोनवर असतील तर हा मुद्दा किमतीच्या वरचा.

जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळवा. एसएमएसमध्ये इंग्रजीत के-वाय-एम ही तीन अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असे लिहून १४४२२ वर पाठवा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आले तर तो फोन कितीही स्वस्त असला तरी सोडा.

पहिल्याच दिवशी करायच्या सेटिंग्ज

जागा खाण्यात व्हॉट्सॲप सर्वांत पुढे असते, त्यामुळे सुरुवात तिथून. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडा. ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ खाली मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग अशा तीन ओळी आहेत. तिन्हींतून व्हिडिओची खूण काढा, वायफायमधूनही. बहुतेक जण मोबाइल डेटाची खूण काढतात आणि घरचे वायफाय रात्रभर सगळ्या ग्रुपचे व्हिडिओ उतरवत राहते. मग ‘चॅट्स’ मध्ये जाऊन ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. याने पुढे येणारे सुप्रभातचे फोटो गॅलरीत मिसळणार नाहीत. जे आधीच आले आहेत ते तिथेच राहतात, आणि नवे जे उतरते ते न दिसताही जागा घेतेच. घरच्यांचा ग्रुप हवा असेल तर त्या ग्रुपच्या माहितीत जाऊन तेवढ्यापुरती व्हिजिबिलिटी चालू ठेवता येते.

कॅमेऱ्यात व्हिडिओ १०८० पी, ३० फ्रेमवर ठेवा. ४के गरजेपुरते. फोटोचा प्रकार जेपीजी असू द्या. एचईआयसी प्रकार जागा वाचवतो, पण फ्लेक्सवाल्याच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर तो अनेकदा उघडत नाही. शेतकऱ्यांनी ‘लोकेशन टॅग’ चालू ठेवावा. गारपीट, पूर, वाऱ्याने पडलेली बाग यांच्या फोटोत ठिकाण आणि वेळ दोन्ही नोंदले गेले की पंचनाम्याच्या किंवा विम्याच्या वेळी आधार मिळतो. ही नोंद मूळ फोटोत असते. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो ती गमावतो आणि त्याचा आकारही घटतो. म्हणून असा फोटो, किंवा फ्लेक्स-अल्बमसाठी द्यायचा फोटो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते. समोरचा शेजारीच बसला असेल तर अँड्रॉइडमधली क्विक शेअर सोय वापरा, नेट लागत नाही आणि दर्जाही जात नाही.

महिन्यातून एकदा अर्धा तास

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रत, मग पुसणे. उलट केले की पस्तावा ठरलेला.

प्रतीसाठी फोन केबलने संगणकाला जोडा. फोनवर वरून खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. काहीच दिसत नसेल तर बहुधा केबल फक्त चार्जिंगची असते, फोनसोबत आलेली लावा. डीसीआयएम नावाच्या फोल्डरमधला कॅमेरा फोल्डर ‘कॉपी’ करा, ‘कट’ कधीच नको, कारण मध्येच केबल हलली तर फाइल दोन्हीकडून जाऊ शकते. मग दोन्ही फोल्डरमधल्या फायलींची संख्या आणि आकार ताडून पाहा, सर्वांत मोठे दोन-तीन व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून बघा. संगणक नसेल तर टाइप-सी पेनड्राइव्हही चालतो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असावा, फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. फोल्डरची नावे ‘२०२५-०९ कास’, ‘२०२५-१० बागेची छाटणी’ अशी वर्ष-महिन्याने सुरू करा, आपोआप क्रमाने लागतात.

दुसरी प्रत घराबाहेर असावी. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी घरांत शिरले तेव्हा अल्बम आणि कपाटातले कागद एकत्रच भिजले. हार्डडिस्कही कपाटातच असते. एक डिस्क उंचावरच्या किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवा, वर्षातून दोनदा अदलाबदल करा. क्लाउड हा दुसरा मार्ग, पण गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि तीत जीमेल, ड्राइव्ह, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप असे सगळेच मोजले जाते. ती भरली की नवे ईमेल येणेच थांबते. म्हणून व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ निवडले तर फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पी पर्यंत लहान करून ठेवले जातात. घरगुती वापराला तेवढे पुरते.

इथे सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. गूगल फोटोजमध्ये फोटो निवडून नेहमीसारखा ‘डिलीट’ केला तर तो फोनमधून जातो आणि क्लाउडमधूनही. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा, ते बॅकअप झालेल्याच फोटोंची फोनमधली प्रत काढते. चूक झालीच तर बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस असतात.

प्रत झाली की व्हॉट्सॲपचे ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. ‘५ एमबीपेक्षा मोठे’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड झालेले’ हे दोन गठ्ठे आधी निकालात काढा. त्याखाली चॅट आकाराच्या उतरत्या क्रमाने दिसतात. वरचे चार-पाच ग्रुप तपासले तरी बहुतेक काम होते. कारखान्याची वजनपावती, हळदीच्या सौद्याची पट्टी, दवाखान्याचे रिपोर्ट चॅटमध्येच राहू देऊ नका, उघडून वेगळ्या फोल्डरमध्ये जतन करा. पुसलेली फाइल काही काळाने व्हॉट्सॲपवरून पुन्हा उतरत नाही, समोरच्याकडेच मागावी लागते.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक व्हिडिओची वेगळी प्रत व्हॉट्सॲप स्वतःकडे ठेवते. मूळ व्हिडिओ कॅमेऱ्यात असतोच, म्हणजे एकच गोष्ट दोनदा साठते. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात ‘कॉम.व्हॉट्सॲप’, त्यात ‘व्हॉट्सॲप’, त्यात पुन्हा ‘मीडिया’, तिथे ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’ आणि त्यात ‘सेंट’. मूळ प्रत जागेवर असल्याची खात्री करून हा फोल्डर रिकामा करा. शेवटी गॅलरीचा ट्रॅशही रिकामा करा, तो भरलेला असेपर्यंत जागा सुटत नाही. अॅपच्या माहितीत ‘क्लिअर कॅश’ दाबायला हरकत नाही, शेजारचे ‘क्लिअर डेटा’ मात्र व्हॉट्सॲपसाठी कधीही दाबू नका, चॅट जातात.

साठवणीचा दहावा भाग तरी मोकळा राहू द्या. त्याहून कमी उरली की फोन मंदावतो.

पावसाळा आणि धूळ यांबद्दल थोडक्यात. आयपी६८ या पाणी-धूळ रोखण्याच्या दर्जाची परीक्षा साध्या पाण्यात होते, फवारणीच्या औषधात नाही, आणि पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत सहसा धरत नाहीत. महाबळेश्वरच्या धुक्यात किंवा पावसात फोनने पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना दिली तर चार्जर लावू नका. पोर्ट खाली करून हलके झटका आणि हवेशीर जागी ठेवा. तांदळात पुरण्याने उपयोग होत नाही, कण मात्र आत जातात. हळदीची पूड पोर्टमध्ये बसली तर फोन बंद करून कोरड्या मऊ ब्रशने काढा, सुई-टाचणीने नाही.

जुना फोन देताना

नव्या फोनवर व्हॉट्सॲप नेताना क्लाउडची गरज नाही. जुन्या फोनच्या ‘चॅट्स’ मधला ‘ट्रान्सफर चॅट्स’ पर्याय क्यूआर कोडने सगळे फोटो-व्हिडिओ थेट पाठवतो. मात्र हे नव्या फोनवर नंबर नोंदवतानाच करायचे असते, नंतर नाही. दोन्ही फोन जवळ ठेवा आणि चार्जिंगला लावा. सगळे पोहोचल्यावर आठवडाभर जुना फोन तसाच ठेवा. मग मेमरी कार्ड आणि सिम काढा, कारण फॅक्टरी रीसेटने कार्ड आपोआप पुसले जाईल असे धरून चालता येत नाही. सेटिंग्जमधून गूगल खाते काढा आणि त्यानंतरच रीसेट करा. खाते तसेच ठेवून बटणांनी रीसेट केला तर घेणाऱ्याला तुमचा पासवर्ड विचारला जातो आणि फोन त्याच्या हातात अडकून बसतो.