राणी, किरमिजी, डाळिंबी, जांभळा: जलरंगांच्या पॅलेटवर यातले नेमके कोणते ठेवायचे?

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात जलरंगांच्या लाल-जांभळ्या ट्यूब एका रांगेत लावल्या तर दहा-बारा सहज भरतात. रोज, मॅजेंटा, क्रिमसन, कार्माइन, मरून, पर्पल, व्हायोलेट. झाकणावरून पाहिलं तर सगळ्याच हव्याशा वाटतात. त्यातल्या बऱ्याच सख्ख्या बहिणी असतात, आणि एखाद-दोन अशा की चित्र फ्रेम होऊन भिंतीवर लागलं की हळूहळू विटायला लागतात. पॅलेटमध्ये या घराण्याला दोन खण पुरतात, फार तर तीन. ते कुणाला द्यायचे हे नावावरून ठरत नाही. ट्यूबवरचा पिगमेंट नंबर वाचून आणि एकाच कागदावर रंग तपासून ठरतं.

नाव नको, नंबर बघा

चांगल्या कंपनीच्या ट्यूबवर बारीक अक्षरात पीआर १२२, पीव्ही १९ असं काही छापलेलं असतं. पीआर म्हणजे पिगमेंट रेड, पीव्ही म्हणजे पिगमेंट व्हायोलेट, आणि पुढचा आकडा त्या रंगद्रव्याचा. नाव कंपनी ठेवते, नंबर जगभर एकच. विन्सर अँड न्यूटनचा क्विनाक्रिडोन मॅजेंटा पीआर १२२ आहे. डॅनियल स्मिथच्या त्याच नावाच्या ट्यूबमध्ये पीआर २०२ आहे. विन्सरचा क्विनाक्रिडोन रेड म्हणजे पीआर २०९, डॅनियल स्मिथचा पीव्ही १९. उलट विन्सरचा परमनंट रोज आणि डॅनियल स्मिथचा क्विनाक्रिडोन रोज, दोन्ही पीव्ही १९च. म्हणजे नावाला भुललात तर एकच रंग दोनदा विकत घ्याल.

ट्यूबवर दोन-तीन नंबर असतील तर ते मिश्रण आहे. असं मिश्रण पुढे आणखी दोन रंगांत मिसळलं की मळकट व्हायला वेळ लागत नाही. या घराण्यात शक्यतो एकाच नंबरचा रंग घ्या. आणि नंबरच छापलेला नसेल तर तो रंग शाळेच्या सरावाला, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला ठीक. विकायच्या चित्रात मात्र उन्हाची चाचणी घेतल्याशिवाय नाही.

कोण कोणाच्या जवळ

क्विनाक्रिडोन हे या घराण्याचं मुख्य घर. ही रंगद्रव्यं ड्यूपाँट या रसायन कंपनीने १९५८ साली बाजारात आणली, तीही मुख्यतः मोटारींचे पेंट वगैरेंसाठी. चित्रकारांकडे ती नंतर आली. उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे गेलं तर ओळ साधारण अशी लागते: पीआर २०९ हा कोरलकडे झुकलेला, थोडा नारिंगी लाल. त्यानंतर पीव्ही १९चा गुलाबी अवतार. मग पीआर १२२, म्हणजे आपल्याकडे साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात त्याच्या सगळ्यात जवळचा. त्याच्या शेजारी पीआर २०२, जरा गडद आणि जरा मंद. शेवटी पीव्ही १९चा जांभळा अवतार.

पीव्ही १९ दोनदा कसा आला? रेणू तोच, पण स्फटिकाची रचना वेगळी. गॅमा रचनेत तो गुलाबी-लाल दिसतो, बीटा रचनेत जांभळट. म्हणून नंबरसोबत नावही बघावं लागतं, एवढ्या एका ठिकाणी: रोज लिहिलं असेल तर गुलाबी, व्हायोलेट लिहिलं असेल तर जांभळा.

पीआर २०६ही क्विनाक्रिडोनच, पण तपकिरी छटेचा. त्याच्या आसपास पेरिलीनची मंडळी बसतात: पीआर १७९ म्हणजे पेरिलीन मरून, पिकलेल्या डाळिंबाच्या सालीचा आणि सावजी रश्श्यावरच्या तर्रीचा रंग. पीव्ही २९ म्हणजे पेरिलीन व्हायोलेट, घट्ट लावला तर काळ्या वांग्याजवळ जातो. दोन्ही उन्हाला पक्के.

निव्वळ जांभळ्यांत डायॉक्साझिन म्हणजे पीव्ही २३ सगळ्यांत जोरकस. ब्रशच्या टोकावर आला तरी अख्खा खण जांभळा करतो, आणि कागदाला धरून बसतो. त्याचा टिकाऊपणा कंपनीगणिक बदलतो, म्हणून तपासल्याशिवाय घेऊ नका. अल्ट्रामरीन व्हायोलेट (पीव्ही १५), मँगनीज व्हायोलेट (पीव्ही १६) आणि कोबाल्ट व्हायोलेट (पीव्ही १४) यांचा स्वभाव अगदी उलटा: रंगायची ताकद कमी, पण कणीदार, कागदाच्या खळग्यांत बसून रेव दिसते. कोबाल्टचा रंग वापरताना ब्रश तोंडात घालून टोक करायची सवय सोडा.

अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) वेगळा काढून सांगावा लागतो, कारण जुन्या मास्तरांच्या यादीत तो हमखास असतो. कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या अँथ्रासीनपासून १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरिन बनवलं. तोवर ते युरोपातल्या मॅडर या वनस्पतीच्या मुळांतून काढत. आपली मंजिष्ठा त्याच कुळातली, पण तिच्या मुळात मुख्यतः परप्युरिन आणि मुंजिस्टिन असतं. त्या दुसऱ्याचं नावच मंजिष्ठेवरून पडलं. अलिझरिनची खोली सुंदर आहे यात वाद नाही. पण पातळ थरात ते उन्हात विटतं, आणि जलरंग म्हणजे बहुतेक पातळ थरच. खरं कार्माइन (एनआर ४, एनआर म्हणजे नॅचरल रेड) कोचिनील किड्यापासून येतं, तेही कच्चं. किरमिजी हा शब्द किर्मिज किड्यावरूनच आला. शब्द टिकला, तो रंग टिकत नाही. ऑपेरा रोज नावाचे भडक गुलाबी रंगही याच रांगेत. त्यांची चमक प्रतिदीप्त (फ्लोरोसंट) रंगाची असते; ती उडाली की खाली साधा पीआर १२२ उरतो.

चाचणीची पट्टी

३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कॉटन कागदाच्या ५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. प्रत्येक रंगाला तीन. एका पट्टीवर वॉटरप्रूफ काळ्या शाईने एक जाड आडवी रेघ मारा आणि पूर्ण वाळू द्या. सगळ्या पट्ट्या एकाच कागदाच्या हव्यात. स्वस्त सेल्युलोज कागदावर तोच पीआर १२२ वेगळा रंग वाटेल.

चिनी मातीच्या पांढऱ्या बशीत हरभऱ्याच्या डाळीएवढा रंग घ्या, ड्रॉपरने १० थेंब पाणी घाला आणि गाठ राहणार नाही इतका घोटा. ट्यूब बरेच दिवस पडून असेल तर आधी वर आलेला डिंक टिश्यूवर सांडून द्या, नाहीतर पहिला घास रंगाचा नव्हे, डिंकाचा मिळेल. आता ८ नंबरच्या ब्रशने काळ्या रेघेवरून पट्टी ओढा: वरून घट्ट सुरू करून, दर तीन सेंटिमीटरला ब्रशमध्ये दोन थेंब पाणी घेत, खाली जवळजवळ पांढरं होईपर्यंत. रेघेवर रंगाची साय दिसली तर तो अपारदर्शक. क्विनाक्रिडोन तिथे जवळजवळ गायब होतात. कॅडमियम लाल (पीआर १०८) स्पष्ट दिसतो.

ओल्या रंगावर निकाल देऊ नका. वाळल्यावर प्रत्येक रंग थोडा फिका होतो, आणि सगळे सारखे होत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, उत्तरेच्या खिडकीशी सगळ्या पट्ट्या शेजारी ठेवून बघा. पिवळ्या एलईडीखाली पीआर १२२ आणि पीव्ही १९ गुलाबी भाऊभाऊ वाटतील. दिवसाच्या उजेडात पहिल्याचा निळेपणा लगेच कळतो. मोबाईलच्या फोटोवर तर मुळीच भरवसा नको. राणी रंग कॅमेऱ्याला नीट पकडता येत नाही, म्हणून ऑनलाइन छटा पाहून मागवलेली ट्यूब बहुधा वेगळीच निघते.

दुसऱ्या पट्टीवर मधल्या घट्टपणाचा चौकोन काढा आणि २४ तास ठेवा. मग ६ नंबरचा सिंथेटिक चपटा ब्रश नुसता ओला करून त्यावर दहा वेळा फिरवा आणि टिश्यूने टिपा. क्विनाक्रिडोन, पेरिलीन आणि पीव्ही २३ मागे डाग सोडतात; पीव्ही १५ आणि पीव्ही १६ बऱ्यापैकी निघतात. डाग पडतो म्हणून रंग वाईट असं नाही. थरावर थर द्यायचा असेल तर खालचा थर न हलणाराच हवा: संत्र्याच्या फोडीवर आधी पारदर्शक पिवळा, तो वाळल्यावर पीव्ही १९ गुलाबीचा पातळ हात, की आतून उजळलेला नारिंगी मिळतो. खालचा थर सुटला असता तर तिथेच चिखल झाला असता.

मे महिन्यात एक घोळ होतो. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत पंख्याखाली पट्टी मिनिटभरात वाळते, कण बसायला वेळच मिळत नाही, आणि पीव्ही १५ सपाट दिसतो. कूलरसमोर ठेवली तर दमट हवेत हळू वाळते आणि तीच पट्टी रेवाळ निघते. तुलना करायची असेल तर सगळ्या पट्ट्या एकाच वेळी, कूलरच्या झोतापासून दूर, ताटावर आडव्या ठेवून वाळवा.

मिसळल्यावर खरा स्वभाव कळतो

एकट्याने सुंदर दिसणारा रंग मिश्रणात नापास होऊ शकतो. प्रत्येक रंगाची तीन मिश्रणं करा: पिवळ्याबरोबर, निळ्याबरोबर, हिरव्याबरोबर.

अल्ट्रामरीन (पीबी २९, पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू) आणि पीव्ही १९ गुलाबी यांतून स्वच्छ, किंचित रेवाळ जांभळा येतो. थॅलो ब्लू (पीबी १५) आणि पीआर १२२ यांतून त्याहून झगझगीत. पण हाच अल्ट्रामरीन पायरोल स्कार्लेट (पीआर २५५) किंवा कॅडमियम लालमध्ये घातला की तपकिरी-मळकट जांभळा मिळतो. कारण साधं आहे: नारिंगीकडे झुकलेला लाल निळा प्रकाश जवळजवळ सगळा गिळतो, मग जांभळ्यासाठी परत काय येणार? जांभळा मळतोय अशी तक्रार असेल तर निळ्याला दोष देण्याआधी लाल तपासा.

थॅलो ग्रीन (पीजी ७, पीजी म्हणजे पिगमेंट ग्रीन) हा सगळ्यात बोलका परीक्षक. लालमध्ये तो थेंबाथेंबाने घाला. पेरिलीन मरून (पीआर १७९) काळ्याकडे जातो. पायरोल रुबीन (पीआर २६४) तर फार चांगला पारदर्शक काळा देतो. पीआर १२२ मात्र काळा होत नाही, निळसर-जांभळ्या राखाडीत अडकतो. म्हणजे गडद सावल्यांसाठी तुम्हाला त्याच्याशिवाय दुसरा कुणीतरी लागणार, हे या एका मिश्रणात कळतं.

नागपुरी उन्हाचा उपयोग

तिसऱ्या पट्टीवर रंगाचा घट्ट आणि पातळ, असे दोन पट्टे उभे काढा. अर्धी पट्टी अॅल्युमिनियम फॉइल आणि त्यावर काळा कार्डपेपर लावून झाका, पेन्सिलीने तारीख लिहा आणि काचेच्या आतून खिडकीवर चिकटवा. सोबत अलिझरिन किंवा ऑपेराची एक पट्टी ठेवाच. तीच तुमचं घड्याळ: तिचा उघडा भाग स्पष्ट विटेपर्यंत बाकीच्यांचा निकाल लावायचा नाही.

खिडकी कोणती, हे ऋतूवर ठरतं. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. उन्हाळ्यात पश्चिमेची खिडकी घ्या. दिवाळीनंतर दक्षिणेची उत्तम. पावसाळ्यात सुरू केलेली चाचणी ढगांमुळे रेंगाळते. चांगला मुहूर्त म्हणजे होळीनंतर.

फॉइल काढून पातळ पट्टा आधी बघा; घट्ट पट्टा बराच काळ गप्प राहतो. पीव्ही १९ आणि पेरिलीन जसेच्या तसे असतील. पातळ पीआर १२२ थोडा उतरलेला दिसू शकतो, म्हणून त्याला जांभळ्या रंगाचा आधारस्तंभ करू नका. बोगनवेलीच्या छदांना, म्हणजे फुलाभोवतीच्या रंगीत पानांना, वापरा, तिथे त्याला पर्याय नाही.

मग पॅलेटवर कोण

एकच खण असेल तर पीव्ही १९ गुलाबी, डोळे मिटून. दुसरा पेरिलीन मरून. या दोघांत बरीच चित्रं निघतात: गुलमोहराची पायरोल लाल पाकळी पीआर १७९ने गडद करा. पळसाच्या फुलाचा मखमली, काळपट निदलपुंज (पाकळ्यांखालची वाटी) पीआर १७९ आणि पीजी ७मधून येतो. जांभळांसाठी पीव्ही १९, अल्ट्रामरीन आणि गडद बाजूला पीव्ही २९चा अगदी थोडा हात. तिसरा खण हवाच असेल तर पीव्ही १५. ताम्हणाच्या सुरकुतलेल्या पाकळ्या त्याच्या रेवेत पटकन सापडतात, किंचित पीआर १२२ मिसळून. पीव्ही २३ ज्यांना हवा त्यांनी घ्यावा. बाकीच्यांचा पॅलेट तो लवकरच गिळतो.

ट्यूबमधून अर्ध्या पॅनमध्ये भरताना साधारण दोन मिलिलिटर रंग बसतो, म्हणजे ५ मिलिलिटरच्या ट्यूबमधून दोन अर्धे पॅन आरामात. एकदम भरू नका. दोन थरांत भरा, पहिला वाळला की दुसरा. उन्हाळ्यात कडेने तडे गेले तर प्रत्येक अर्ध्या पॅनला ग्लिसरीनचा एक छोटा थेंब घालून घोटा. जास्त घातलं तर जुलैत तोच पॅन चिकट राहतो आणि बुरशी धरतो.