४१३००१ : आपला पिनकोड कागद-पेन घेऊन कसा फोडायचा

सोलापूरचा ४१३००१ आपण लग्नपत्रिकेवर, कुरिअरच्या पाकिटावर, बँकेच्या फॉर्मवर लिहितच असतो, पण नुसती एक संख्या म्हणून त्याला घेऊन बसा, शाळेतल्या गणितावरच बरंच काय काय निघतं. कॅल्क्युलेटर चालेल, फक्त अवयव आयते सांगणारी वेबसाइट उघडू नका, शोधण्यातली सगळी मजा जाते.

आधी अंकांची बेरीज करा. ४+१+३+०+०+१ = ९, म्हणजे ९ नं भाग जाणार हे भागायच्या आधीच कळलं, भागाकार येतो ४५८८९. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो अशा संख्येला हर्षद संख्या म्हणतात, हे नाव देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलेलं, ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ शोधणारे तेच.

आता ४५८८९, खरी मेहनत इथं आहे. शेवटी ९ म्हणून २ आणि ५ बाद, अंकांची बेरीज ३४ म्हणून ३ पण बाद. वर्गमूळ २१४ च्या जरा पुढं येतं, त्यामुळं २११ पर्यंतच्या मूळ संख्या लावून बघायच्या, तोपर्यंत एकानंही भाग गेला नाही तर ही संख्या मूळच. ७ नं भागलं तर बाकी ४, ११ नं ८, १३ नं १२, असं करत शंभर ओलांडलं तरी काही लागत नाही, १०१, १०३, १०७ पण नाही, आणि इथंच कंटाळून मूळ आहे म्हणून सोडावंसं वाटतं. सोडू नका. १०९ नं बरोबर भाग जातो!

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

एकूण विभाजक किती हे लगेच निघतं, घातांकांत एकेक मिळवून गुणा, ३ × २ × २ = १२.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. ४ नं भागून बाकी ३ उरते अशी प्रत्येक मूळ संख्या अवयवांत सम वेळा आली असेल तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतेच, एखादी विषम वेळा आली तर मात्र येत नाही. इथं तशी फक्त ३ आहे, ती दोनदा आलीय. १०९ = १०² + ३² आणि ४२१ = १५² + १४², मग अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांच्या बेरजेत मांडायची सातव्या शतकातल्या गणिती ब्रह्मगुप्ताची रीत लावायची:

१०×१५ + ३×१४ = १९२, १०×१४ − ३×१५ = ९५
१०×१५ − ३×१४ = १०८, १०×१४ + ३×१५ = १८५

उरलेला ९ म्हणजे ३², म्हणून सगळ्यांना ३ नं गुणलं की

४१३००१ = ५७६² + २८५² = ३२४² + ५५५²

एक नाही, दोन प्रकारे, आणि तिसरा प्रकार नाहीच. गुणून बघा एकदा, फार छान वाटतं.

४१३००४ वाल्यांनी पण करून बघा, बेरीज १२ आणि १२ नं भाग जातो म्हणजे तीही हर्षद, पण अवयव निघतात २ × २ × ३ × १२७ × २७१, त्यात ३ एकदाच आलाय, त्यामुळं दोन वर्गांची बेरीज तिथं शोधत बसू नका.