आधी बूड पाहा : पुण्यातल्या जुन्या घरांत चिनी पोर्सलीन कसं शोधावं

घरातलं सगळं सामान किमतीच्या चिठ्ठ्या लावून मांडायचं आणि लोकांना बोलवायचं, अशी परदेशातली रीत पुण्यात फारशी नाही. इथे वाडा बिल्डरकडे जातो, बंगला रिडेव्हलपमेंटला निघतो, मुलं परदेशी असतात आणि पिढ्यांचं सामान पंधरा दिवसांत हलवायचं असतं. शिसवी पलंगाला गिऱ्हाईक मिळतं, तांब्या-पितळेला मोडीचा भाव येतो. काचेच्या कपाटातली चिनी ताटली मात्र ‘क्रॉकरी’ म्हणून खोक्यात कोंबली जाते आणि टेंपोतच फुटते. म्हणून ती ओळखणारी माणसं वाढली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

हा माल इथे आला तो मुख्यतः व्यापारातून. मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनमधल्या कँटन बंदरात जात. सर जमशेटजी जीजीभाईंनीही या फेऱ्या केल्या होत्या. परतीच्या जहाजांत चहा आणि रेशमासोबत चिनी भांडी येत. पारशी कुटुंबांबरोबर ती पुण्यात कॅम्पात, नाना पेठेत पोचली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतला मालही मागे राहिला.

डोळा तयार करा

खरेदीच्या आधी एक दिवस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू तिथे आहेत. नक्षीपेक्षा पांढऱ्या रंगाकडे लक्ष द्या. जुन्या चिनी पोर्सलीनचा, म्हणजे उंच आचेवर भाजलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचा, पांढरा बहुधा किंचित निळसर किंवा करडा असतो. आजच्या कपबशीसारखा दुधी नसतो. हा फरक फोटोत कळत नाही, समोर उभं राहिल्यावर कळतो.

कुठे आणि कसं विचारावं

सोसायटीच्या ग्रुपवर, जुन्या वस्तीतल्या सुताराला, भंगारवाल्याला सांगून ठेवा. कुठलं घर रिकामं होतंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी समजतं. मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे सकाळी लवकर जावं.

घरी दुःख झालं असेल तर दिवस होईपर्यंत विषयच काढू नका. नंतरही आधी फोन करावा. “काकू, कपाटातली जुनी भांडी द्यायची असतील तर एकदा बघून जाऊ का?” एवढं पुरतं. आणि भांडं कुणी, कुठून आणलं ते नक्की विचारा. आजींच्या तोंडून “सासऱ्यांच्या वडिलांनी हाँगकाँगहून आणलं” असं ऐकलं की निम्मा शोध तिथेच लागतो.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट बॅटरी आणि दोन जुन्या चादरी ठेवा. हातातल्या अंगठ्या काढा. भांडं कानाला किंवा काठाला धरून उचलू नये. एक हात बुडाखाली हवाच.

बूड, मग अंग, मग चित्र

नवखा माणूस चित्रावर भाळतो. नक्कल करणाऱ्याची मेहनतही चित्रावरच गेलेली असते. म्हणून भांडं दोन्ही हातांनी सावकाश पालथं करा.

भांडं बुडाच्या ज्या कडेवर टेकतं तिथे झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसते, कारण भट्टीत ती खालच्या आधाराला चिकटली असती. ही उघडी माती वाचायला शिका. चीनमध्ये जिंगदेझेनला केओलिन नावाची पांढरी माती सुमारे १३०० अंशांना भाजत. झिलई संपते त्या रेषेवर मातीतल्या लोहामुळे पुष्कळदा नारिंगी झाक येते. वापराने कडेवर मळ मुरतो, बारीक ओरखडे वेगवेगळ्या दिशांना जातात. ओरखडे सगळे एकाच दिशेचे किंवा मळ सगळीकडे सारखाच चोपडलेला दिसला, तर म्हातारपण मुद्दाम आणलेलं आहे असं समजा.

मग बुडावरचा शिक्का. सहा चिनी अक्षरं दोन उभ्या ओळींत असतील तर उजवीकडून, वरून खाली वाचायची : पहिली दोन राजवंशाची, पुढची दोन सम्राटाच्या कारकिर्दीची, शेवटची दोन ‘काळात घडवलं’ अशा अर्थाची. मिंग राजवट १३६८ ते १६४४, त्यानंतर छिंग १९१२ पर्यंत. पण शिक्क्यावरून काळ ठरवू नका. एकोणिसाव्या शतकातले कारागीर कांगशी सम्राटाचा, म्हणजे १७२२ पूर्वीचा शिक्का सर्रास घालत. त्यात जुन्याबद्दलचा आदरही असे. उलट खुद्द कांगशीच्या काळात, १६७७ मध्ये, जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव घालायला मनाई केली होती. त्यामुळे त्या काळच्या अनेक अस्सल भांड्यांखाली नुसतं रिकामं दुहेरी निळं वर्तुळ किंवा एखादं पान दिसतं. शिक्का नाही म्हणून भांडं खाली ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

इंग्रजीत ‘चायना’ लिहिलेलं असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची. त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. ‘मेड इन चायना’ असेल तर विसावं शतक धरून चाला.

आता अंग. आत टॉर्च धरला की पातळ पोर्सलीनमधून उजेड झिरपतो. साध्या मातीच्या भांड्यातून झिरपत नाही. भांडं तळहातावर मोकळं ठेवून नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठे तरी चीर आहे. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट उजेडात नवा रंग, गोंद, भरलेला टवका बहुतेक वेळा वेगळा चमकतो.

चित्र सगळ्यात शेवटी. हाताने रंगवलेल्या निळ्यात कुंचल्याचा दाब कमी-जास्त झालेला असतो, कोबाल्टचा तो निळा रंग कुठे गडद, कुठे फिका होतो. पूल, झाड आणि दोन पक्षी असलेली निळी ताटली पाहून लोक हमखास ‘चिनी’ म्हणतात. ती बहुधा इंग्लंडमधली, स्टॅफर्डशायरची छापील नक्षी असते. भिंगातून छापाचे ठिपके दिसतात, काठाजवळ छापाचा जोडही सापडतो. गुलाबी रंग सोन्यापासून करत, आणि तो चिनी पोर्सलीनवर आला १७२० च्या आसपास. त्यामुळे गुलाबी फुलं आणि खाली मिंग शिक्का अशी जोडी दिसली तर शिक्का मागाहूनच्या काळातला आहे.

आपल्याकडे शोधण्यासारखा माल म्हणजे कँटनला रंगवलेली एकोणिसाव्या शतकातली ताटं आणि वाडगे : मध्ये गोल, भोवती चौकटी, एका चौकटीत माणसं तर पुढच्या चौकटीत पक्षी-फुलं. शिवाय निळ्या जमिनीवर पांढरी फुलं असलेल्या आल्याच्या मुरंब्याच्या बरण्या. काही भांडी धातूच्या टाक्यांनी शिवलेली असतात. असं भांडं मला फार आवडतं. तुटल्यावरही कुणाला ते टाकवलं नाही, हे त्यावर दिसतं. बाजारात त्याची किंमत कमी होते, तुम्ही मात्र ते जरूर घ्या.

भाव आणि कायदा

आपली वरची मर्यादा घरूनच ठरवून जा. वस्तू मोलाची आहे असं दिसलं तर घरच्यांना तसं सांगा. भंगाराच्या भावात मिळतंय म्हणून गप्प बसणं मला मान्य नाही. शंका असेल तर त्यांना तज्ज्ञाला दाखवू द्या.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही; मग ती मूळ चीनची का असेना. अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणूनही नाही. अशा वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. विकणाऱ्यांकडून चिठ्ठी घ्या : कुणाच्या घरातून, कधी, कोणती वस्तू, किती रुपयांना. कपाटाचा जुना फोटो मिळाला तर त्याची प्रतही मागून घ्या.

घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल अंथरून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. सोनेरी रेघेवर घासणी नको, लिंबू-चिंच नको. टाके घातलेलं भांडं पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि रंगीत चिनी भांड्यांत लोणचं किंवा आमटी वाढू नका. त्या रंगांत शिसं असतं, ते आंबटाने सुटतं.