मार्टिन्सव्हिलला गाडी वळतच नव्हती, शेवटी जमलं

आपल्याकडं रात्री लाईन (वीज) टिकली तरच कार रेसिंगचा गेम, त्यातही महिनाभर मी मार्टिन्सव्हिल या अमेरिकेतल्या रेस ट्रॅकवरच अडकलो होतो. ट्रॅक छोटा, ०.५२६ मैलाचा, वळणावर बँकिंग (रस्त्याचा आतल्या बाजूले उतार) फक्त १२ डिग्री, अन् माझी गाडी वळणाच्या मधात सरळ भिंतीकडं जाय. मी काय करू, स्टेअरिंग आणखी पिळू. मग पुढचा उजवा टायर तापून लालभडक, पंधरा लॅपमध्ये खेळ खलास.

मले वाटलं टायरच भंगार. पण गडबड वेजची होती, म्हणजे गाडीचं वजन तिरप्या कोपऱ्यातल्या चाकायवर किती येते त्याची. बाजेच्या एका पायाखाली वीट ठेवली की तो पाय अन् त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातला पाय, दोघायवरच वजन येते ना, तसंच हे. वेज जास्त म्हणजे पुढचा उजवा अन् मागचा डावा जास्त दबते, गाडी टाईट होते, म्हणजे वळतच नाही.

वेज थोडा कमी केला, मागचा ट्रॅक बार (मागचा एक्सल बाजूले सरकू न देणारा दांडा) जरा वर घेतला, तं गाडी वळली बे! पण हावरटपणा केला, अजून कमी केला तं बाहेर निघताना गॅस देला की शेपूट फिरे. अर्धा वापस वाढवला. एका वेळी एकच बदल अन् दहा लॅप, नाहीतं कशानं काय झालं समजतच नाही. ब्रेकिंगले अजूनही पुढचं चाक लॉक होते, ते उद्या, लाईन असली तं.