लायसन्स सर्व्हर एका डोमेनमध्ये, वापरणारे दुसऱ्यात: सेटअप कसा करावा

सॉफ्टवेअरची लायसन्स वाटणारा सर्व्हर एका डोमेनमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या गटात; निम्मे वापरणारे दुसऱ्यात आणि मध्ये फायरवॉल. हे सांगितलं की पहिला सल्ला हमखास येतो: 'दोन्ही डोमेनमध्ये ट्रस्ट करून टाका', म्हणजे एकाने दुसऱ्याची लॉगिन मान्य करायची. करू नका. फ्लेक्सनेट (सर्व्हरवरचा लायसन्स वाटणारा प्रोग्रॅम) लायसन्स देताना डोमेनचा पासवर्ड विचारत नाही की लॉगिन तपासत नाही. त्याला टीसीपी कनेक्शन लागतं आणि सापडणारं नाव लागतं, बस्स. ट्रस्टमुळे धोका वाढतो आणि मूळ अडचण जिथल्या तिथे राहते.

सर्व्हर स्वतःच्या डोमेनमध्ये नीट चालतोय आणि तिथल्या मशीनना लायसन्स मिळतंय, असं मी धरून चालतो. तसं नसेल तर आधी ते करा.

१. दोन्ही पोर्ट पक्के करा

फ्लेक्सनेटमध्ये दोन प्रोसेस असतात. एलएमजीआरडी हा मुख्य मॅनेजर, आणि ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर तिचा व्हेंडर डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम). क्लायंट (लायसन्स मागणारं मशीन) आधी मॅनेजरकडे जातो, मॅनेजर त्याला डीमनचा पोर्ट (कनेक्शनचा क्रमांक) सांगतो आणि खरं लायसन्स डीमन देतो. मॅनेजरला पोर्ट दिला नसेल तर तो २७००० ते २७००९ मधला एक घेतो. डीमनचा पोर्ट मात्र दर वेळी सुरू होताना बदलू शकतो. लायसन्स फाइलमध्ये 'सर्व्हर' ओळीच्या शेवटी मॅनेजरचा पोर्ट लिहा, आणि 'व्हेंडर' ओळीत 'पोर्ट=' लिहून डीमनचा. या दोन जागा बदलल्याने फाइलची सही बिघडत नाही. होस्टआयडीला (सर्व्हर मशीनची ओळख) मात्र हात लावू नका.

बदलानंतर सर्व्हिस पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. नुसत्या रीरीडने, म्हणजे चालू असतानाच फाइल पुन्हा वाचायला लावून, पोर्ट बदलत नाही.

२. फायरवॉल

फक्त हे दोन टीसीपी पोर्ट, दुसऱ्या डोमेनच्या सबनेटकडून (आयपीच्या पट्ट्याकडून) सर्व्हरकडे. सर्व्हरवरच्या विंडोज फायरवॉलमध्येही हीच परवानगी लागते.

३. नाव: सगळं अडतं ते इथे

पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा माझा जवळजवळ आठवडा इथे गेला. दुसऱ्या डोमेनच्या मशीनवर मी सर्व्हरचा आयपी टाकला होता. दोन्ही पोर्टना कनेक्शन लागत होतं, फायरवॉलच्या लॉगमध्ये सगळं 'अलाउड' दिसत होतं, आणि प्रोग्रॅम उघडला की एरर उणे ९६: सर्व्हर बंद आहे किंवा उत्तर देत नाही. नेटवर्कवाले म्हणायचे सर्व्हर बघा, सर्व्हरवाले म्हणायचे फायरवॉल बघा.

शेवटी क्लायंटवर पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरची देवाणघेवाण टिपणं) लावून बसलो. पहिलं कनेक्शन आयपीवर गेलं, उत्तर आलं. आणि लगेच पुढच्या ओळीत डीएनएसला (नावावरून आयपी सांगणारी सेवा) एक प्रश्न: 'एलएस०१' कुठे आहे? डीएनएसचं उत्तर: असं नाव नाही. एवढ्यावर क्लायंट थांबला होता. मी आयपी दिला तरी मॅनेजरने दुसऱ्या टप्प्यासाठी 'सर्व्हर' ओळीतलं छोटं नाव परत पाठवलं होतं. मूळ डोमेनमध्ये ते नाव डोमेनचं शेपूट आपोआप जोडून सापडतं. दुसऱ्या डोमेनमध्ये भलतंच शेपूट जोडलं जातं आणि नाव हरवतं.

म्हणून 'सर्व्हर' ओळीत छोटं नाव ठेवू नका, डोमेनसकट पूर्ण नाव लिहा: 'एलएस०१' नव्हे, 'एलएस०१.डिझाइन.लोकल'. आयपी लिहायचा मोह टाळा, पुढे सर्व्हर हलला की सगळीकडे बदल करत फिरावं लागतं.

आता हे पूर्ण नाव दुसऱ्या डोमेनच्या डीएनएसला कळायला हवं. डीएनएस एकमेकांशी बोलू शकत असतील तर कंडिशनल फॉरवर्डर लावा, म्हणजे त्या डोमेनच्या नावांचे प्रश्न तिथल्या डीएनएसकडे जातील. नसतील, किंवा मध्ये नॅट (वाटेत आयपी बदलणारी व्यवस्था) असेल, तर दुसऱ्या डोमेनच्या डीएनएसवर सर्व्हरच्या पूर्ण नावाचाच एक झोन (डीएनएसमधला नोंदींचा कप्पा) करा आणि त्यात नाव रिकामं ठेवून एक ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारी नोंद) टाका. त्यामुळे फक्त तेवढं एक नाव इथून सुटतं, मूळ डोमेनची बाकीची नावं झाकली जात नाहीत. नॅट असेल तर या रेकॉर्डमध्ये बदललेला, म्हणजे क्लायंटला दिसणारा आयपी हवा. आणि नॅटमध्ये पोर्ट बदलू देऊ नका: मॅनेजर सांगतो तो आकडा दुसऱ्या बाजूलाही तोच असला पाहिजे.

होस्ट्स फाइल, म्हणजे प्रत्येक मशीनवरची नाव-आयपीची स्वतःची यादी? चाचणीपुरती ठीक. पन्नास मशीनवर ती भरून ठेवणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. सर्व्हरचा आयपी बदलतो त्या दिवशी त्या नोंदी कोणाला आठवत नाहीत आणि लोकांचं काम बंद पडतं.

४. क्लायंट

त्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स व्हेरिएबलमध्ये पोर्ट, ॲट चिन्ह आणि तेच पूर्ण नाव. लाइन संथ असेल तर फ्लेक्सएलएम (फ्लेक्सनेटचं जुनं नाव) टाइमआउटचं व्हेरिएबल वाढवा. त्याचं एकक मायक्रोसेकंद आहे, म्हणजे पाच सेकंदांसाठी ५०००००० लिहायचे.

५. ऑप्शन्स फाइल

या फाइलमध्ये ठरावीक लोकांसाठी लायसन्स राखून ठेवत असाल तर एक लक्षात असू द्या: फ्लेक्सनेट युजरचं नुसतं नाव बघतं, डोमेन बघत नाही. दोन्ही डोमेनमध्ये एकाच लॉगिनची दोन माणसं असली तर त्याच्या लेखी ती एकच. एकाचं राखीव लायसन्स दुसरा घेऊन जातो. वाटणी करायचीच असेल तर आयपीच्या पट्ट्यांवर करा, त्यासाठी 'इंटरनेट' हा प्रकार आहे. नॅट असेल तर मात्र सर्व्हरला मूळ आयपी दिसतो की बदललेला, हे आधी तपासा.

६. तपासणी

दुसऱ्या डोमेनच्या मशीनवर बसा, सर्व्हरवर नव्हे. आधी पूर्ण नाव डीएनएसला विचारा, मग दोन्ही पोर्ट, मग एलएमस्टॅट (फ्लेक्सनेटची स्थिती दाखवणारी कमांड). त्यात मॅनेजर 'अप' आणि व्हेंडर डीमन 'डाउन' दिसला तर सर्व्हरवरचा डीबग लॉग उघडा. डीमन तिथे चालू असेल तर दोष दुसऱ्या पोर्टचा किंवा नावाचा. चालूच नसेल तर बहुतेक वेळा त्याचा पोर्ट आणखी कोणी धरून बसलेलं असतं. मग प्रत्यक्ष प्रोग्रॅम उघडा आणि जेवणाच्या सुट्टीभर तसाच उघडा राहू द्या. काही फायरवॉल शांत पडलेलं कनेक्शन न सांगता तोडतात आणि परत येईपर्यंत लायसन्स गेलेलं असतं. तसं झालं तर त्या दोन पोर्टपुरता आयडल टाइमआउट वाढवून घ्या.