टीव्हीची वाढीव वॉरंटी घ्यावी का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी आधी एवढं बघा

दिवाळीत टीव्हीचं बिल करताना दुकानदार हमखास विचारतो, "अजून दोन वर्षांची वॉरंटी घालू काय?" उभ्याउभ्या हो म्हणू नका. अटींचा कागद मागा. तो मिळत नसेल तर विषय तिथंच संपला.

कंपनीची वॉरंटी बहुतेक टीव्हींवर 1 वर्षाची असते. वाढीव वॉरंटी सहसा ती संपल्यावर सुरू होते, म्हणून "3 वर्षं" यात पहिलं वर्ष धरलंय का, ते बिलावर लिहून घ्या.

मग कागदातलं "काय मिळणार नाही" ते नीट वाचा. आपल्याकडं खरी मेख इथंच आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात वळीव आला की विजा कडाडतात, लाईट जाते-येते आणि टीव्हीचा बोर्ड जळतो. पण वीज पडणं, व्होल्टेज वाढणं, ओल लागणं, स्क्रीन फुटणं हे बऱ्याच योजनांत बसतच नाही. तसं असेल तर ते पैसे चांगल्या स्टॅबिलायझरला घाला. ढग गडगडायला लागायच्या आधीच प्लग काढा, डिशची वायरही काढा. विजेचा झटका त्या वायरीतूनही आत येतो.

पुढचा प्रश्न मेकॅनिकचा. वॉरंटी कंपनीची की तिसऱ्याच कुणाची, ते विचारा. दुकानातूनच कस्टमर केअरला फोन लावून गावचा पिनकोड सांगा. माणूस घरी येणार का? की 55 इंची टीव्ही टेम्पोत घालून आपणच बेळगावला न्यायचा, आणि भाडं कुणी द्यायचं?

मला विचाराल तर 32 इंची साध्या टीव्हीला वाढीव वॉरंटी नको. बोर्ड किंवा बॅकलाइट (स्क्रीनमागचे दिवे) गेली तर गावातला मेकॅनिक करून देतो. मोठ्या टीव्हीचं तसं नाही. पॅनल, म्हणजे आख्खा स्क्रीनच, गेला की खर्च टीव्हीच्या निम्म्या किमतीवरही जाऊ शकतो. तिथं कंपनीचीच वॉरंटी, पॅनल धरून आणि घरपोच सेवेसह मिळत असेल, तर जरूर घ्या.

निपाणीचे बरेच लोक कोल्हापुरातून खरेदी करतात. पुढं वाद झालाच तर तिकडं हेलपाटे घालायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात, वादाचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. बिलाचा आणि वॉरंटीच्या कागदाचा फोटो मात्र त्याच दिवशी काढून ठेवा, कारण मशीनच्या गुळगुळीत बिलावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात.